ब्रॅबॅझन विमानाचें पुढें काय झालें?

गेल्या वैशाखांत कवठे महांकाळ येथील आमचा जुना वाडा आवरण्याचें काम निघालें, त्या वेळीं माळ्यावरील एका शिसवी पेटींत आमच्या आजोबांची कात्रणांची वही सांपडली. आजोबा शाळामास्तर होते. ज्या गांवाहून मिरजेस जावयाचें तर बार्शी लाइटच्या अरुंद रुळांवरून रखडत जावें लागे, त्या गांवीं बसून जगांतील नवीं नवीं यंत्रें, पूल व धरणें ह्यांचीं चित्रें वर्तमानपत्रांतून कापावयाचीं व खळीनें वहींत चिकटवावयाचीं, हा त्यांचा नाद होता. वहीच्या मधल्या एका पानावर १९४९ सालचें एक कात्रण आहे. चित्रांत एक रुपेरी, अवाढव्य विमान उभें असून त्याच्या पंखाखालचीं माणसें मुंगळ्यांएवढीं दिसतात. समासांत आजोबांच्या मोडी अक्षरांत चार नोंदी आहेत : पंख २३० फूट, एंजिनें ८, प्रवासी १००, लंडन ते न्यूयॉर्क, मध्यें न थांबतां.

तें पान पाहतांच आमच्या आत्याबाई पंचाहत्तर वर्षें मागें गेल्या. त्या दिवशीं संध्याकाळीं आजोबांनीं घरांतील सगळीं पोरें गोळा केलीं आणि वाड्याच्या दिंडीदरवाजापासून पावलें मोजण्यास सुरुवात केली. तें विमान आमच्या आळींत आणून ठेवलें तर एका पंखाचें टोंक आमच्या उंबऱ्याशीं व दुसऱ्याचें पार कोपऱ्यावरच्या पिंपळाच्या पाराशीं येईल, हें त्यांनीं पाराशीं जाऊन उभें राहून दाखविलें, आणि पोरें तोंडाचा आ वासून पाहत राहिलीं. एवढें सांगून आत्याबाई क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, “पण काय रे, मग त्या विमानाचें पुढें झालें काय? दादांनीं पुन्हां कधीं त्याचें नांव काढलेलें मला आठवत नाहीं.”

आम्हीं वही शेवटपर्यंत चाळून पाहिली. त्या विमानाविषयीं पुढें एक अक्षरहि नव्हतें. वर्तमानपत्रांना बारशाची जितकी हौस असते तितकी बाराव्याची नसते, हें खरें. तथापि इतकें मोठें विमान असें मुकाट्यानें नाहींसें कसें झालें, हा प्रश्न आत्याबाईंनीं आमच्या डोक्यांत सोडला तो सोडलाच. त्याचा जो उलगडा आम्हांस झाला तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

विमानाचें नांव ब्रॅबॅझन. तें ज्यांच्यावरून पडलें ते लॉर्ड ब्रॅबॅझन मोठे विनोदी गृहस्थ होते. इंग्लंडांतील वैमानिकाचा पहिला, म्हणजे क्रमांक एकचा, परवाना १९१० सालीं त्यांच्या नांवें निघाला. आपण जसें ‘सूर्य पश्चिमेस उगवला तर’ म्हणतों, तसें इंग्रज लोक ‘डुकरें उडूं लागलीं तर’ असें म्हणतात. ह्या गृहस्थांनीं १९०९ सालीं डुकराचें एक पिल्लूं टोपलींत घालून विमानांतून फिरवून आणलें आणि ती म्हण निकालांत काढली! पुढें दुसऱ्या महायुद्धांत ते कांहीं काळ विमाननिर्मितीचे मंत्री होते, आणि मंत्रिपद गेल्यावर १९४२ च्या डिसेंबरांत एका समितीचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. युद्धोत्तर काळांत ब्रिटननें कोणतीं प्रवासी विमानें बांधावीं, हें ह्या समितीनें ठरवावयाचें होतें.

समितीची निकड कां भासली तेंहि सांगितलें पाहिजे. युद्धकाळांत ब्रिटन व अमेरिका ह्यांनीं कामें वाटून घेतलीं होतीं. ब्रिटननें लढाऊ व बाँबफेकी विमानांवर भर द्यावा, माणसें व माल वाहणारीं विमानें मुख्यतः अमेरिकेनें पुरवावीं, अशी ती वांटणी होती. तोफा गर्जत होत्या तोंपर्यंत ती सोयीची वाटली. परंतु उद्यां तह झाला म्हणजे अमेरिकेच्या अंगणांत तयार प्रवासी विमानें उभीं असणार आणि आपल्या अंगणांत बाँब टाकण्याचीं, ही धास्ती इंग्रज मुत्सद्द्यांना पडली. समितीनें विमानांचे अनेक नमुने सुचविले. त्यांपैकीं एकांतून पुढें व्हायकाउंट विमान निघालें, जें आपल्या इंडियन एअरलाइन्सनेंहि पुष्कळ वर्षें वापरलें. दुसऱ्यांतून कॉमेट हें जेट विमान निघालें. पण यादींत पहिला मान होता तो अटलांटिक महासागर एका दमांत ओलांडणाऱ्या प्रचंड विमानाचा. तें बांधण्याचें काम ब्रिस्टल विमान कंपनीकडे गेलें, कारण शंभर टनी बाँबफेकी विमानाचे आराखडे त्या कंपनीच्या फडताळांत अगोदरच पडून होते.

आतां असें विमान कोणासाठीं? ह्या प्रश्नाचें समितीनें जें उत्तर दिलें त्यांतच पुढील सर्व कथेचें मूळ आहे. युद्धापूर्वीं अटलांटिकवरून विमानानें जाणारा मनुष्य म्हणजे लक्ष्मीपुत्र, किंवा सरकारी खर्चानें फिरणारा बडा अधिकारी. अशा मनुष्यास आगबोटीवरील पहिल्या वर्गाच्या सुखसोयींची संवय. तो खुर्चीवर अवघडून रात्र काढील हें कोणाच्याहि मनास पटेना. म्हणून दर प्रवाशामागें साध्या वर्गांत २०० आणि उंची वर्गांत २७० घनफूट जागा असावी असें ठरलें. २७० घनफूट म्हणजे सहा फूट लांब, सहा फूट रुंद व साडेसात फूट उंच अशी एक खोली. आमच्या वाड्यांतील देवघर ह्याहून लहान आहे, आणि त्यांत देवांसह तिघेजण पूजेस बसत! एका योजनेंत ८० प्रवाशांस निजण्याच्या शय्या, भोजनगृह, फिरण्याची जागा, मद्यगृह आणि ३७ खुर्च्यांचें एक चित्रपटगृह इतका थाट होता.

विमानाचा वेग धरला होता ताशीं २५० मैल. लंडन ते न्यूयॉर्क हें अंतर सुमारें ३,४५० मैल. म्हणजे वारा पडलेला असला तरी चौदा तास, आणि पश्चिमेकडे जातांना वारा समोरून येतो म्हणून त्याहूनहि अधिक. इतका वेळ जावयाचा तर माणसास झोंपण्यास जागा हवी. जागा हवी म्हणून विमान मोठें. मोठें म्हणून जड. जड म्हणून त्यास आठ एंजिनें व तेलाचा अफाट सांठा. इतकें ओझें घेऊन चालणार तें मंद. मंद म्हणून प्रवास लांबचा. आणि प्रवास लांबचा म्हणून पुन्हां झोंपण्यास जागा हवी! घाण्याच्या बैलानें कितीहि दमदार पावलें टाकलीं तरी तो घाण्याभोंवतींच फिरणार. ब्रिस्टलच्या अभियंत्यांनीं खरोखरच दमदार पावलें टाकलीं. अडीच हजारांहून अधिक अश्वशक्तीचीं आठ एंजिनें त्यांनीं पंखांच्या पोटांत जोडीजोडीनें बसविलीं, आणि प्रत्येक जोडीकडून एकामागें एक असे दोन पंखे परस्परविरुद्ध दिशांनीं फिरविले. वजन वांचविण्यासाठीं पत्र्याची जाडी जागोजाग गरजेपुरती बेतली. सुकाणूचीं सर्व अंगें नुसत्या मनुष्यबळानें न हालवितां यंत्रबळानें हालविण्याची सोय केली. आज मोठ्या विमानांत जें सर्रास असतें तें ह्या विमानांत प्रथमच संपूर्णपणें आलें. सर्व सामानासुमानासह वजन १३० टनांच्या घरांत गेलें. पंखांचा विस्तार तर इतका कीं, पुढें १९७० सालीं प्रवाशांच्या सेवेस लागलेल्या पहिल्या जंबो जेटचा विस्तारहि त्याहून चौतीस फूट कमीच भरला.

असें विमान बांधण्यास तेवढीच मोठी शाळा हवी, आणि उडण्यास तेवढीच लांब वाट हवी. ब्रिस्टल शहराच्या उत्तरेस फिल्टन येथें कंपनीचें विमानतळ होतें. तेथें आठ एकर भूमि आच्छादणारी तीन दालनांची एक इमारत उठली. धावपट्टी ८,००० फूट लांब व ३०० फूट रुंद करावयाचें ठरलें. तिच्या वाटेंत चार्लटन नांवाचें एक जुनें खेडें येत होतें. तें पाडण्यांत आलें. लोकांस शेजारच्या पॅचवे येथें नवीं घरें देण्यांत आलीं, नुकताच बांधलेला एक रुंद रस्ताहि बंद करण्यांत आला, आणि खेड्याच्या जागेवरून काँक्रीटचा पट्टा सरळ निघून गेला. राष्ट्राची प्रतिष्ठा ज्या कामांत गुंतलेली आहे त्यास एका खेड्यानें आडवें येऊं नये, हा युक्तिवाद आपल्याकडेहि अपरिचित नाहीं. कोयनेच्या जलाशयाखालीं आमच्या जुन्या सातारा जिल्ह्यांतील जीं गांवें गेलीं, त्यांतील माणसांना तो चांगला ठाऊक आहे. फरक इतकाच कीं कोयनेंत पाणी सांठलें आणि वीज निघाली.

१९४९ च्या ४ सप्टेंबरला, रविवारीं, ब्रॅबॅझन पहिल्यानें उडालें. सुमारें दहा हजार लोक फिल्टनच्या कुंपणाशीं जमले होते. मुख्य वैमानिक बिल पेग ह्यांनीं सुमारें पंचवीस मिनिटें तें आकाशांत फिरवून सुखरूप खालीं आणलें. चारच दिवसांनीं फार्नबरोच्या विमान-प्रदर्शनांत तें सर्वांनीं पाहिलें. पुढच्या वर्षीं लंडनच्या विमानतळावर व त्याच्या पुढच्या वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांतहि तें जाऊन आलें. आजोबांच्या वहींतील कात्रण ह्याच उत्सवाच्या दिवसांतलें.

परंतु ह्या उत्सवांत एक माणूस कधींच पुढें आला नाहीं, आणि तो म्हणजे गिऱ्हाईक. ब्रिटनच्या सरकारी विमान-कंपनीनें आराखड्याच्या वेळीं शय्या किती, भोजनगृह कोठें, ह्याविषयीं आपलें मत दिलें होतें; पण मत देणें निराळें आणि कमरेचा कसा सोडणें निराळें. पैसा जात होता तो सरकारच्या पुरवठा-खात्याचा. खात्यास विमान चालवावयाचें नव्हतें, आणि जिला चालवावयाचें होतें त्या कंपनीस पैसा द्यावयाचा नव्हता. लग्नाचा खर्च एकाचा व संसार दुसऱ्याचा असला म्हणजे मांडव जसा ऐसपैस पडतो, तसें झालें. दरम्यान त्याच कंपनीनें अमेरिकेकडून कॉन्स्टेलेशन व स्ट्रॅटोक्रूझर विमानें विकत घेऊन न्यूयॉर्कची वाहतूक चालूहि केली होती. वाटेंत तेलासाठीं थांबावें लागे तर लागो. विमान आज हातांत होतें. आपल्याकडचेंच पाहा ना. एअर-इंडियाची पहिली मुंबई-लंडन फेरी १९४८ च्या ८ जूनला सुटली, ती ‘मलबार प्रिन्सेस’ नांवाच्या अमेरिकन कॉन्स्टेलेशनमधून. ब्रॅबॅझन जमिनीवरून उठण्यापूर्वीं पंधरा महिने एका नवस्वतंत्र देशानें आपली गरज बाजारांत जाऊन भागविली होती.

आणि ब्रॅबॅझनच्या उड्डाणापूर्वीं सहा आठवड्यांच्या आंत, २७ जुलैला, त्याच समितीच्या यादींतील कॉमेट उडालें होतें. त्याचा वेग जवळजवळ दुप्पट. अटलांटिक एका दमांत ओलांडण्याचें त्राण त्याच्या अंगीं नव्हतें, आणि पुढें १९५३-५४ सालीं त्याचे जे अपघात झाले त्यांनीं सारें जग हळहळलें. त्यांतील एक तर आपल्याच देशांत, कलकत्त्याजवळ, झाला. तरी पण घाण्याभोंवतींची ती फेरी कोठें तोडावयाची तें कॉमेटनें दाखवून दिलें. प्रवास निम्म्या वेळांत आटोपला कीं शय्येची गरजच उरत नाहीं.

ब्रॅबॅझनच्या जनकांना हें कळत नव्हतें असें नाहीं. दुसरें विमान बांधावयास घेतलें होतें त्यांत नव्या प्रकारचीं टर्बाइन एंजिनें बसवून वेग ताशीं ३३० मैलांवर नेण्याचा त्यांचा बेत होता. तीं एंजिनें वेळेवर सिद्ध झालीं नाहींत. १९५२ च्या मार्चमध्यें सरकारनें जाहीर केलें कीं दुसऱ्या विमानाचें काम पुढें ढकलण्यांत आलें आहे. रद्द नव्हे, पुढें ढकललें!

हा शब्द वाचतांना आम्हांस आजोबांच्या त्याच पेटींतील दुसरी एक वही आठवली. ती वाड्याच्या बांधकामाच्या हिशेबाची. वाड्यास पूर्वेकडे आणखी एक सोपा काढावयाचा त्यांचा मानस होता. तीन मुलगे, त्यांचीं लग्नें, नातवंडें, सगळीं एका छपराखालीं नांदतील ह्या हिशेबानें जोतें घालून झालें. मग थोरले काका मुंबईस नोकरीस लागले, मधले पुण्यास गेले. त्या सालच्या पानावर नोंद आहे : ‘पूर्वेकडील सोपा, तूर्त तहकूब.’ पुढें आजोबा वीस वर्षें जगले, पण त्या नोंदीवर त्यांनीं दुसरी नोंद केली नाहीं. जोतें अजून तसेंच आहे. त्यावर आत्याबाई शेवया वाळत घालतात. ज्याच्यावर मनुष्यानें जीव लावला तें ‘मोडलें’ असें लिहिण्यास हात धजत नाहीं, मग तो हात शाळामास्तराचा असो कीं मंत्र्याचा. मोठ्या योजना गाजावाजा न होतां मरतात त्याचें एक कारण आम्हांस ह्यांत दिसतें. ज्यांनीं त्या आरंभिल्या तेच त्या थांबविणारे असतात, आणि थांबविण्याचा दिवस ते दर वर्षीं एक वर्ष पुढें नेतात. शिवाय फिल्टनच्या हजारों कामगारांची भाकरी होती, झालेला खर्च डोळ्यांपुढें होता, आणि एक अख्खें गांव ज्यासाठीं पाडलें तें आतां नको असें म्हणावयाचें तरी कोणत्या तोंडानें?

ज्या वसंतांत दुसरें विमान तहकूब झालें, त्याच वसंतांत १ मे पासून अटलांटिकवर विमानाचा स्वस्त ‘टूरिस्ट’ वर्ग सुरू झाला. खुर्च्या दाटीदाटीनें मांडल्या, खाण्यापिण्याचा बडेजाव कमी केला, भाडें उतरविलें, आणि कारकून, शिक्षक, नातवंडें पाहण्यास निघालेल्या आज्या, असा नवाच प्रवासी विमानांत शिरला. २७० घनफुटांची खोली त्यानें कधीं मागितलीच नाहीं. लवकर पोंचणें आणि परवडणें ह्या दोनच गोष्टी त्यास हव्या होत्या.

ब्रॅबॅझन काळाच्या पुढें होतें असें कांहीं लेखक म्हणतात. आम्हांस तें अर्धेंच मान्य आहे. आकाराविषयीं त्यांचा अंदाज चुकला नव्हता. त्याहून थोटक्या पंखांच्या जंबो जेटांत साडेतीनशेंहून अधिक माणसें बसूं लागलीं, आणि १९७१ पासून एअर-इंडियाचीं तसलीं विमानें आपल्या मुंबईच्या आकाशांत दिसूं लागलीं. चूक विमान मोठें करण्यांत नव्हती. इतकें मोठें विमान थोडक्यांसाठीं करण्यांत होती. आणि ती चूक अभियंत्यांची नव्हे. त्यांच्या टेबलावर कागद आला तेव्हांच ती त्यांत लिहिलेली होती.

१९५३ च्या जुलैमध्यें पुरवठामंत्री डंकन सँडिस ह्यांनीं पार्लमेंटांत काय तें स्पष्ट सांगितलें. विमानास ना व्यापारी गिऱ्हाईक होतें ना लष्करी. तोंवर त्याचीं सुमारें चारशें तासांचीं उड्डाणें झालीं होतीं. एकहि प्रवासी त्यानें भाडें घेऊन नेला नाहीं. ऑक्टोबरांत तें व त्याचें अर्धवट भावंड अशीं दोन्ही विमानें तोडण्यास घेतलीं. सर्व मिळून साठ लाख पौंडांहून अधिक खर्च झाला होता, म्हणजे त्या काळच्या भावानें आठ कोटि रुपये; मोडीचे आले दहा हजार पौंड. थोडे भाग वस्तुसंग्रहालयांत ठेवले आहेत. इमारत व धावपट्टी मात्र सत्कारणीं लागल्या. त्याच छपराखालीं पुढें ब्रिटानिया विमानें तयार झालीं, आणि १९६९ च्या एप्रिलमध्यें ब्रिटनमध्यें बांधलेलें पहिलें कॉन्कॉर्ड त्याच धावपट्टीवरून उडालें.

आजोबांच्या वहींत ब्रॅबॅझननंतर चार पानें सोडून एक लहानसें कात्रण आहे. त्यांत दोन माणसांचें, एका पंख्याचें, दिसावयास अगदीं साधें एक विमान आहे : बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचें एच. टी. २, जें १९५१ सालीं उडालें. त्याचे जनक डॉ. विष्णु माधव घाटगे हे आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यांतील हसूरचंपूचे. जर्मनींत गटिंगेन येथें प्रांट्ल ह्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखालीं शिकून आलेले. नवशिक्या वैमानिकांस शिकविण्यासाठीं देशास विमान हवें होतें, तेवढेंच त्यांनीं केलें. तसलीं दीडशेंहून अधिक विमानें बांधलीं गेलीं, आणि कित्येक वर्षें आपल्या हवाई दलाचे तरुण त्यांवर हात बसवीत. ह्या कात्रणाच्या समासांत आजोबांनीं कांहींच लिहिलेलें नाहीं. मोजण्यासारखें त्यांत त्यांना कांहीं आढळलें नसावें.

आम्हीं ही सारी हकीगत आत्याबाईंस सांगितली. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतली. आठ एंजिनें, आठ कोटि रुपये, ह्यांचें त्यांस कांहीं विशेष वाटलेलें दिसलें नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, “आणि त्या खेड्याच्या लोकांना त्यांची जागा परत मिळाली का रे?”

त्यांना मिळाली नाहीं. २०१२ च्या डिसेंबरांत फिल्टनचें विमानतळ कायमचें बंद झालें. धावपट्टीच्या उत्तरेस आतां नवीं घरें उठलीं आहेत, आणि त्या वस्तीस चार्लटन हेझ असें नांव दिलें आहे. खुद्द विमानतळाच्या जमिनीवरहि एक मोठी वसाहत बांधली जात आहे. तेथेंहि माणसें राहावयास येऊं लागलीं आहेत. त्या वसाहतीचें नांव ब्रॅबॅझन.